नंदी नसलेली महादेवाची देवळं आणि त्यामागच्या गोष्टी

तुम्ही विचारलंय की महादेवाच्या प्रत्येक देवळात समोर नंदी असायलाच लागतो का, आणि नंदीच्या मूर्तींबद्दल गावोगावी काही वेगळ्या गोष्टी सांगतात का. असायलाच लागतो असं नाही, आणि जिथे तो नाही तिथलीच गोष्ट सगळ्यात भारी असते.

आमच्या कोल्हापूर भागात, शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठावर खिद्रापूर आहे, तिथलं कोपेश्वराचं देऊळ. आपल्याला सवय असते की आधी नंदीला हात लावायचा, शिंगांवर दोन बोटं ठेवून त्यामधून पिंडी बघायची, काही मागणं असेल तर त्याच्या कानात सांगायचं आणि मग आत जायचं. इथे आत गेलं की थेट स्वर्गमंडप लागतो, 48 खांब आणि वर मधोमध गोल उघडं आभाळ, तिथून पुढे गाभाऱ्यापर्यंत गेलात तरी नंदी कुठेच नाही. गावात कुणालाही विचारा, सांगतील की नंदी यडूरला आहे.

गोष्ट अशी की दक्षाने यज्ञ मांडला, सगळ्यांना आवतण दिलं आणि जावयालाच वगळलं. सती म्हणाली माहेरी जायला आवतण कशाला पाहिजे, ती हट्टाने निघाली, मग महादेवाने तिला नंदीवर बसवून पाठवलं. पुढचं माहितीच आहे, तिथे नवऱ्याचा अपमान झाला, तिने यज्ञात उडी घेतली आणि महादेव असा काही कोपला की कुणाला आवरेना, तेव्हा विष्णूने समजूत घालून त्याला शांत केलं ते या जागी. म्हणून हा कोपेश्वर, आणि गाभाऱ्यात त्याच्या शेजारी दुसरी पिंडी आहे ती धोपेश्वर, म्हणजे समजूत घालायला आलेला विष्णू! शंकराच्या गाभाऱ्यात विष्णू पिंडीच्या रूपात बसलाय हे मला नंदी नसण्याइतकंच विशेष वाटतं, पण लोक नंदीचंच जास्त विचारतात. आणि सतीला घेऊन गेलेला नंदी तिच्या माहेरीच राहिला, ते माहेर म्हणजे यडूर, कृष्णाकाठीच पण आता कर्नाटकात, चिकोडी तालुक्यात. तिथे नंदीचं वेगळं देऊळ आहे आणि वीरभद्राचंही मोठं देवस्थान आहे, आणि दक्षाचा यज्ञ मोडणारा तो वीरभद्रच, म्हणजे दोन गावांनी मिळून एकच गोष्ट सांभाळलीय. आता मध्ये राज्याची हद्द आहे पण गोष्टीला त्याचं काही नाही.

खिद्रापूरला गेलात तर बाहेरून देवळाच्या पायाकडे नक्की बघा. सगळ्या बाजूंनी दगडी हत्तींची रांग आहे, नव्वदच्या वर हत्ती, पाठीवर देवदेवता बसलेल्या, आणि अख्खं देऊळ त्यांनी उचलून धरल्यासारखं वाटतं. बऱ्याच सोंडा तुटल्यात, बघून जीव हळहळतो, पण जे शाबूत आहेत त्यांच्या अंगावरच्या साखळ्या, घंटा, दागिने जवळ जाऊन बघा, घाईत पुढे जाऊ नका. दक्षिणेकडच्या दाराजवळ शके 1136 चा यादव राजा सिंघणदेवाचा शिलालेखही आहे.

दुसरं देऊळ नाशिकचं, पंचवटीत रामकुंडाच्या वर पायऱ्या चढून गेलं की कपालेश्वर. इथेही नंदी नाही पण कारण एकदम वेगळं. ब्रह्मदेवाचं पाचवं तोंड उडवल्यामुळे महादेवाला ब्रह्महत्येचं पाप लागलं होतं आणि तो ते फेडायला वणवण फिरत होता. एका ब्राह्मणाच्या दारात त्याने गाय आणि तिच्या गोऱ्ह्याचं बोलणं ऐकलं, गोऱ्हा म्हणत होता उद्या मालक माझ्या नाकात वेसण घालणार, मी त्याला मारणार, आई म्हणाली अरे ब्रह्महत्या लागेल, तर हा म्हणाला त्यावरचा उपाय मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी खरंच त्याने मालकाला मारलं, पांढराशुभ्र गोऱ्हा काळा पडला, पळत जाऊन गोदावरीत बुडी मारली आणि परत पांढरा झाला. मागोमाग महादेवानेही तिथेच स्नान केलं आणि सुटला. तो गोऱ्हा म्हणजे नंदी. ज्याने वाट दाखवली तो गुरू, आणि गुरूला आपल्यासमोर खाली कसं बसवायचं, म्हणून महादेवानेच सांगितलं की इथे तू माझ्यासमोर बसू नकोस. देवाने आपल्या वाहनाला गुरू मानलं, ही गोष्ट मला फार म्हणजे फार आवडते.

आणि जिथे नंदी आहे तिथलंही एक सांगतो, बंगळूरच्या बसवनगुडीतला, चांगला 15 फूट उंच. तिथले लोक सांगतात की रोज रात्री एक बैल येऊन शेंगांचं पीक खायचा, शेतकऱ्यांनी सोटा हाणला तर तो बसला तिथेच दगड झाला आणि वर वाढायलाही लागला, मग महादेवाला साकडं घालून कपाळावर त्रिशूळ बसवला तेव्हा वाढ थांबली. आजही कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तिथे भुईमुगाच्या शेंगांची मोठी जत्रा भरते आणि पहिल्या शेंगा नंदीला देतात.

खिद्रापूरला जायचं ठरवलंत तर नृसिंहवाडी-कुरुंदवाड करून जा, आणि दिवस हातात असेल तर यडूरही त्याच दिवशी करा.