जुनी कॅम्पर व्हॅन घरच्या घरी कशी सांभाळायची? कुठली कामं स्वतः करावीत आणि कुठली मेकॅनिककडं न्यावीत?

तुम्ही लिहिलंय की २००८ ची डिझेल व्हॅन घेतलीय, आतला बेड आणि ओटा आधीच्या मालकानं बसवलेला आहे, राहता कराडला, आणि पावसाळा तोंडावर आलाय. मी साताऱ्याचा. माझी गाडी तुमच्यापेक्षा जुनी, आधी शाळेची मुलं नेणारी तेरा सीटर होती. सहा वर्षं झाली, जमेल तेवढं घरीच करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुनी व्हॅन हातात आली की सगळे इंजिनाचा आवाज ऐकत बसतात. पण अशा गाडीला खातं ते पाणी. छतात पाणी, पत्र्यात पाणी, डिझेलमध्ये पाणी, ब्रेक ऑइलमध्येसुद्धा पाणी. त्यामुळं पहिला आठवडा फक्त पाणी शोधण्यात घालवा.

सुरुवात छतापासून. माझ्या गाडीत मागच्या बेडवर, बरोबर उशीच्या जागी ठिबकायचं. मी दोन वेळा त्याच जागी वरनं सिलिकॉन फासलं, काही उपयोग झाला नाही. मग एका रविवारी धाकट्या भावाला टॉर्च देऊन आत बसवलं, आतलं प्लायचं सिलिंग काढून टाकलं आणि मी शिडीवर चढून तांब्यानं पाणी ओतायला लागलो, एकदम नाही, एका टोकापासून थोडं थोडं, प्रत्येक जागी चार-पाच मिनिटं थांबत. मागं काहीच नाही, मधे काही नाही, आणि पुढच्या कॅरिअरच्या बोल्टवर ओतल्यावर आतनं भाऊ ओरडला, "दादा आलं, पट्टीवरनं पळत मागं चाललंय!" म्हणजे पाणी शिरत होतं पुढं आणि छताच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांवरनं चार फूट चालत जाऊन पडत होतं उशीवर. तेव्हा ठिबकतं तिथं कधी सील करू नका, शिरतं कुठनं ते बघा. बोल्ट पूर्ण काढायचा, जुनं सिलिकॉन ब्लेडनं खरवडून काढायचं, कोरडं करायचं आणि पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट लावून परत कसायचा. सिलिकॉन वापरू नका असं मी कळकळीनं सांगतो, त्याच्यावर नंतर रंग धरत नाही आणि दुसरं सीलंटही चिकटत नाही. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात, त्यात माती-पाला अडकतो आणि दार आतनं सडतं, एक तार घालून ती मोकळी करा, पाच मिनिटांचं काम आहे.

गंजावर लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला असेल तर तो फोडाच. खाली गंज जिवंत असतो आणि दोन पावसाळ्यांत लांबीसकट पापुद्रा उठतो. वायर ब्रशनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, कोपऱ्यात राहिलेल्या गंजाला रस्ट कन्व्हर्टर (गंज थांबवणारं रसायन) लावा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर आपल्याकडच्या दमट हवेत सकाळी परत तांबूस दिसतो. पत्र्याला बोट आरपार जात असेल किंवा चॅसीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) गंज असेल तर मात्र वेल्डिंगवाल्याकडं, तिथं घरगुती इलाज नाही.

डिझेल फिल्टरच्या खाली बहुतेक गाड्यांत एक छोटा स्क्रू असतो. खाली काचेची बाटली धरून तो सैल करा, पहिल्यांदा पाणी येतं कारण ते जड असतं, मग स्वच्छ डिझेल आलं की बंद करा. बाटलीत दोन थर वेगळे दिसतात. पावसाळ्यात मी महिन्याला एकदा करतो. फिल्टर बदलला तर हातपंप घट्ट लागेपर्यंत मारून हवा काढायची, नाहीतर गाडी चालू होत नाही आणि स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरते.

आता ब्रेक. पाचगणीहून पसरणी घाटानं वाईला उतरत होतो, गाडीत पाण्याचे कॅन, सामान, चार माणसं. निम्म्यात पेडल मऊ लागायला लागलं आणि एका वळणावर जवळजवळ तळाला गेलं. दुसऱ्या गिअरवर टाकून हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी कडेला घेतली, चाकामागं दगड लावले. पाऊण तासानं पेडल आपोआप घट्ट झालं, म्हणजे बिघाड असा काही दिसतच नव्हता. वाईत मेकॅनिकनं ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं तर ऑइल चहासारखं काळपट. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी ओढलेलं असलं की हीच मर्यादा १५५ वर येते, आणि घाटात सतत ब्रेक दाबला की तेवढी उष्णता सहज होते, मग आत वाफ होते आणि पेडल खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला, झाकणावर लिहिलंय तेच डॉट घ्या. पातळी आणि रंग तुम्ही बघा, पण ब्रेकचे लाइनर, ब्रेकचे सिलिंडर आणि ब्रेकच्या नळीतली हवा काढणं चांगल्या मेकॅनिककडूनच करून घ्या, मी अजूनही तेच करतो. आणि घाट उतरताना आधीच खालचा गिअर टाका, कुंभार्ली असो नाहीतर पसरणी.

वायरिंग घरी करता येतं, फक्त फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत हवा. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, तो लांब बसवला तर मधली वायर घासून पेटू शकते. आतले दिवे मिणमिणत असतील तर आधी अर्थिंगचा बोल्ट (मायनस वायर गाडीच्या पत्र्याला जोडतो तो) काढून घासा. साधी लेड-ॲसिड बॅटरी दोन-तीन तास विश्रांती दिल्यावर १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, त्याच्या खाली नेऊ नका.

गॅसबद्दल मात्र अजिबात धाडस नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली फरशीवर साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच. सांध्यांवर साबणाचा फेस लावून बघा, काडी कधीही पेटवून बघायची नाही. नळीवर छापलेली तारीख वाचा, मुदत संपली असेल तर बदला. आणि थंडी वाजते म्हणून रात्री शेगडी पेटती ठेवून काचा लावून झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

एक कागदाचं. सीटा काढून बेड केला असेल तर ते आरसी बुकात चढवलंय का बघा, असे बदल आरटीओची परवानगी आणि नोंद न करता चालत नाहीत. आणि १५ वर्षं उलटलीत, तर रजिस्ट्रेशन रिन्यू झालंय का तेही आधीच्या मालकाकडून आजच विचारून घ्या.

छताचा आणि फिल्टरचा फोटो टाकलात तर कुठनं सुरुवात करायची ते सांगतो.