कुत्रं घ्या, पण आधी डिसेंबरचं बोला

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय, चांगलं लांबलचक, मधला तुकडा तेवढा देते: "मुलगी दहा वर्षांची, दोन वर्षं मागे लागलीये. परवा बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये नुसतं बघायला म्हणून गेलो तर दहा आठवड्यांचं पिल्लू तिच्या मांडीवर झोपलंच. ह्यांचं म्हणणं, घेऊन टाकू, पोरीला जबाबदारी कळेल. डिसेंबरच्या मध्यावर पाच आठवडे भारतात जायचंय, पण ते तेव्हाचं तेव्हा बघू."

तेव्हाचं तेव्हा बघू! अहो ताई, बाकीचे प्रश्न राहू देत, आज मी ह्याच्यावरच बोलणार. कुत्र्याबद्दल कुणीही विचारलं की मी आधी भारतवारीचं विचारते, घरचे हसतात मला त्यावरून, हसू देत. इथले शेजारी चार दिवस कुठे तरी जातात, कुत्रं गाडीत मागे बसून त्यांच्याबरोबर जातं. आपण जातो ते महिना-दीड महिना, अख्खं घर कुलूप लावून, बारा-तेरा हजार किलोमीटर लांब. आणि "ग्रुपमधलं कुणीतरी ठेवून घेईल" म्हणाल तर सगळा ग्रुप डिसेंबरमध्ये पुण्या-ठाण्यात लग्नं जेवत असतो हे तुम्हालाही माहितीये.

जरा हिशोब करू. तुम्ही ऑक्टोबरच्या मध्यावर लिहिलंय, म्हणजे निघताना पिल्लू साधारण साडेचार महिन्यांचं असेल. पार्वो ह्या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराच्या लशीचे डोस जेमतेम संपलेले, दुधाचे दात पडतायत, शू कुठे करायची ते आत्ता कुठे कळायला लागलंय, आणि नेमकं तेव्हा तुम्ही त्याला कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये पिंजऱ्यात ठेवणार? परत याल तेव्हा सगळं पहिल्यापासून शिकवावं लागेल, तेही जेटलॅगमध्ये. पैशाचं बघा, रात्रीचे पन्नास डॉलर धरले तरी पस्तीस रात्रींचे साडेसतराशे होतात, एक तिकीट आलं त्यात. शिवाय बोर्डिंगवाले केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लस आधी मागतात, सुट्टीच्या दिवसांतल्या जागा महिनोन् महिने आधी भरतात.

"मग बरोबरच नेऊ की" असं तुमच्या यजमानांनी लिहायला लावलेलं दिसतंय पत्राच्या शेवटी. न्याल हो, क्वारंटाइनवाल्यांची एनओसी वगैरे सगळं करून न्याल, पण परत कसं आणणार? रेबीजसाठी भारत सीडीसीच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या, हाय-रिस्क यादीत आहे, आणि १ ऑगस्ट २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे सहा महिन्यांखालचं कुत्रं अमेरिकेत येऊच देत नाहीत. तुमचं पिल्लू तेव्हा साडेपाच महिन्यांचं असणार. मोठं झाल्यावर न्यायचं तरी मायक्रोचिप पाहिजे, आणि इथल्या रेबीजच्या लशीचा फॉर्म यूएसडीएचा, म्हणजे इथल्या शेतीखात्याचा, शिक्का मारून निघायच्या आधीच हातात पाहिजे. तो फॉर्म राहिला तर मग रक्ताची टेस्ट नाहीतर अठ्ठावीस दिवस क्वारंटाइन, आणि दोन्हीचं बिल तुमच्याच नावावर.

आणि ठरलेल्या ट्रिपचं तरी ठीक आहे, कॅलेंडरवर दिसते. न ठरलेलीचं काय? आपल्या प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी तो रात्री अडीचचा फोन येतोच. आमच्याकडे सांगलीहून दिरांचा आला, नानांना आयसीयूमध्ये ठेवलंय म्हणून, आणि सकाळच्या विमानाने आम्ही दोघंही निघालो. ढब्बू, आमचा रेस्क्यू कुत्रा, काळा-पांढरा, एक कान कायम खाली, तो दोन घरं सोडून राहणाऱ्या आजोबांकडे गेला, रिटायर्ड स्कूलबस ड्रायव्हर. ते जमलं कारण अधूनमधून एखाद्या शनिवारी तो त्यांच्याकडेच राहायचा, मुद्दाम ठेवायचो आम्ही. किती खायला घालायचं ते मोजायचा कप, डॉक्टरचा नंबर, गडगडलं की कुठे लपतो, सगळं त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेलं होतं. माझ्या नणंदेच्या ओळखीत एकांनी हे काही केलं नव्हतं, ऐन वेळी कुत्रं परत शेल्टरला दिलं आणि विमानात बसले. मी त्यांना नावं ठेवत नाही, वडील होते त्यांचे. पण त्यांचं घर हे त्या कुत्र्याचं दुसरं घर होतं, ते बिचारं काय समजलं असेल?

म्हणून ताई, रागवू नका, पण हे पिल्लू आत्ता नको. जानेवारीत परत या, बॅगा रिकाम्या होऊ देत, मग जा शेल्टरमध्ये. पिल्लं तेव्हाही असतीलच, आणि खरं सांगू का, तीन-चार वर्षांचं शहाणं कुत्रं बघा, त्यांना कुणी विचारत नाही. अजून मन होत नसेल तर आधी फॉस्टर करा, म्हणजे थोडे दिवसच घरी सांभाळा, शेल्टरला अशी घरं हवीच असतात. मात्र घ्यायच्या आधी तुम्ही नसताना सांभाळणारं एक माणूस हवं, नावानिशी, त्याला विचारून "हो" म्हणवून घेतलेलं, आणि शक्यतो मराठी नसलेलं, म्हणजे डिसेंबरमध्ये इथेच असेल असं.

आता पत्रातले बाकीचे प्रश्न पटापट. मुलीची जबाबदारी: दहा वर्षांची पोर पाणी ठेवेल, ब्रश करेल, पण जानेवारीच्या बर्फात सकाळी सहाला पट्टा तुमच्याच हातात असणार, हे धरूनच चाला. सासूबाई आणि देवघर: दाराला बेबी गेट लावा, त्या दोन आठवडे कुरकुर करतील आणि तिसऱ्या आठवड्यात लपून पोळी द्यायला लागतील, आमच्याकडे तरी तसंच झालं. पोळी चालेल, पण त्यांना एक नीट सांगा, सत्यनारायणाच्या शिऱ्यातले आणि बेसनाच्या लाडवावरचे बेदाणे कुत्र्याला अजिबात नाहीत, किडनी जाऊ शकते. कांदा-लसूणही नको. जात कोणती? मिक्स घ्या, प्रश्न मिटला.

आणि नाव मुलीला ठेवू दे, फक्त शेजाऱ्यांच्या जिभेला झेपेल असं, पुढच्या भारतवारीत हाका तेच मारणार आहेत.