वाचकांचे प्रश्न : तळ्याकाठचा मालकसंघ

या वेळच्या टपालात तळ्याकाठी घरं आणि प्लॉट असलेल्या मालकसंघांचे प्रश्न बरेच आले. सारख्या आशयाचे एकत्र केले आहेत. काठावरच्या प्रत्येक प्लॉटमधून जे वाहून येतं, त्याचा हिशेब तळं ठेवत असतं; बहुतेक उत्तरं फिरून तिथेच येतात.

प्रश्न : गरमीच्या महिन्यांत आमच्या तळ्याचं पाणी हिरवंगार होतं. सभेत दोन गट पडले आहेत. एक म्हणतो मध्यभागी कारंजं बसवा, दुसरा म्हणतो मोरचूद टाका. संघाकडे पैसे एकाच कामापुरते आहेत. कुणाचं ऐकावं?

उत्तर : या वर्षी कुणाचंच ऐकू नका. आधी एक पूर्ण हंगाम मोजमाप करा.

मोरचुदाने, म्हणजे तांब्याच्या क्षाराने, शेवाळ मरतं, पण मेलेलं शेवाळ तळाशी जाऊन कुजतं. कुजताना ते पाण्यातला ऑक्सिजन खातं, त्यातलं खत परत पाण्यात उतरतं आणि काही आठवड्यांत पाणी पुन्हा हिरवं होतं. तांबं मात्र गाळात साठत राहतं, आणि मृदू पाण्यात त्याची थोडी मात्राही माशांना जड जाते. कारंजं दिसायला छान, पण ते वरवरचं पाणी वर उडवतं. खोल तळ्यात खरा बिघाड तळाशी असतो आणि तिथवर त्याचा हात पोचत नाही.

हिरवेपणाचं मूळ बहुतेक गोड्या पाण्याच्या तळ्यांत फॉस्फरस हे खतातलं द्रव्य असतं. याचा डोळ्यांना दिसेल असा पुरावा कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात 1973 साली मिळाला. ‘लेक 226’ नावाच्या तळ्याचे शास्त्रज्ञांनी प्लॅस्टिकच्या पडद्याने दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला, एकाच भागात जोडीला फॉस्फरस. तोच भाग हिरवा झाला. वरून काढलेल्या फोटोत पडद्याची रेघ अगदी स्पष्ट दिसते. सभेत तो फोटो दाखवा. तासभराच्या भाषणापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. सोबत हेही सांगा की 1 किलो फॉस्फरसवर सुमारे 500 किलो ओलं शेवाळ पोसलं जाऊ शकतं.

आता मोजायचं काय? पहिलं, पाण्याची पारदर्शकता. त्यासाठी सेकी तबकडी वापरतात. ती 20 सेंटिमीटर व्यासाची असते, चार पाव भाग आलटून पालटून काळे आणि पांढरे, खाली वजन, आणि दर 10 सेंटिमीटरला खूण केलेली, न ताणणारी दोरी. ती घरीही करता येते. होडी तळ्याच्या सर्वांत खोल जागी न्या. वेळ सकाळी 10 ते दुपारी 3 मधली, होडीची सावलीची बाजू, डोळ्यांवर गॉगल नाही. तबकडी सोडत जा, दिसेनाशी झाली की खोली टिपा. थोडी आणखी सोडून वर ओढा, पुन्हा दिसली की तीही टिपा. दोन्हींची सरासरी हे त्या दिवसाचं माप. दर पंधरा दिवसांनी, शक्यतो त्याच माणसाने, त्याच जागी घ्यावं. माणूस बदलला की नजर बदलते आणि आकड्यांची तुलना बिघडते.

दुसरं, एकूण फॉस्फरस. नमुना अर्ध्या मीटर खोलीवरून घ्या, प्रयोगशाळेने दिलेल्याच बाटलीत. घरच्या बाटलीत साबणाचा अंश राहिला तर आकडा फुगतो. नमुना बर्फात ठेवून लगेच पोचवा. लिटरला 10 मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर तळं निर्मळ, 35 च्या वर गेलं तर खत जास्त झालं, असं ढोबळपणे धरा. गरमीच्या अखेरीस एक नमुना तळापासून मीटरभर वरूनही घ्या आणि त्याच वेळी तिथला ऑक्सिजन मोजा. तळाशी ऑक्सिजन संपला असेल आणि फॉस्फरस वरच्यापेक्षा कितीतरी जास्त असेल, तर वर्षानुवर्षं साठलेला गाळच खत परत देतो आहे. लोहाला चिकटून बसलेला फॉस्फरस ऑक्सिजन संपला की सुटतो.

इथून निर्णय सोपा होतो. पावसानंतर नाल्याच्या तोंडाशी आकडा चढत असेल, तर पैसा काठावर आणि नाल्यावर घाला. गाळ दोषी ठरला, तर तळाशी हवा सोडणारी यंत्रणा किंवा तज्ज्ञाकडून तुरटी-प्रक्रिया (तुरटी फॉस्फरस गाळात बांधून ठेवते) यांचा विचार करा. तुरटी टाकताना पाण्याचा पीएच 6 ते 8 च्या मध्येच राहिला पाहिजे. तो घसरला तर विरघळलेलं ॲल्युमिनियम मासे मारतं. आणि बाहेरून येणारं खत थांबलं नसेल तर ही तुरटी काही वर्षांत नव्या गाळाखाली गाडली जाते.

हवेची यंत्रणा बसवलीत तर एक चूक टाळा. भर गरमीत ती पहिल्याच दिवशी चोवीस तास चालवली, तर तळाचं ऑक्सिजन नसलेलं पाणी एकदम वर येतं आणि सकाळी मासे पांढरी पोटं वर करून तरंगताना दिसतात. पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक तास, मग दोन, चार, आठ असं रोज दुप्पट करत आठवड्याभरात पूर्ण वेळेवर या.

तोवर निळ्या-हिरव्या शेवाळावर लक्ष ठेवा. हातमोजे घालून काचेची बरणी तीन चतुर्थांश भरा आणि रात्रभर फ्रिजमध्ये न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर गोळा झालेला असेल, तर धोक्याचं शेवाळ असण्याची शक्यता मोठी. तळाशी बसला तर बहुधा साधं. वर आला तर पाटी लावा, मुलं आणि कुत्री पाण्यापासून दूर ठेवा, आणि पाणी प्रयोगशाळेत पाठवा. उकळल्याने या शेवाळाचं विष जात नाही, हे प्रत्येक घरी कळवा.

प्रश्न : सेप्टिक टाक्या तपासून घ्या म्हटलं की सभासद म्हणतात, ‘आमची टाकी वीस वर्षं बिनतक्रार चालली आहे.’ त्यांना काय सांगावं?

उत्तर : तक्रार घरात येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. टाकी भरत आली की गाळ पुढे शोषखड्ड्यात सरकतो, तिथली माती तुंबते, आणि सांडपाणी न गाळता तळ्याकडे झिरपू लागतं. घरातला संडास मात्र झकास चालू असतो.

गाळ मोजायला लांब काठी घ्या, तिच्या खालच्या मीटरभर भागाला पांढरं टॉवेलचं कापड घट्ट गुंडाळा. टाकीच्या बाहेरच्या तोंडाजवळ तळापर्यंत उभी सोडा, तीन मिनिटं थांबा, हळू वर काढा. कापडावर काळपट कण चिकटलेली उंची म्हणजे गाळ. वरची साय वेगळी मोजा. दोन्ही मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशाला पोचली की उपसायची वेळ झाली. साधारण कुटुंबाला तीन ते पाच वर्षांनी ही वेळ येते. टाकीत वाकून पाहू नका आणि कुणालाही आत उतरवू नका. आतल्या वायूने माणूस दोन श्वासांत कोसळतो, आणि त्याला वाचवायला उतरणाराही.

बाजारातली ‘जिवाणू पावडर’ उपशाला पर्याय नाही. रंगाची चाचणी सभासदांना पटते : संडासात फ्लुओरेसिनचा रंग टाकून भरपूर पाणी सोडायचं आणि पुढचे काही दिवस काठ पाहायचा. हिरवी चमक दिसली तर गळती सिद्ध झाली. नाही दिसली तर टाकी निर्दोष, असं मात्र समजू नका, कारण माती रंग धरून ठेवते. शोषखड्ड्याच्या वर गाडी उभी करू नये, झाड लावू नये. आणि तेवढ्याच जागेत गवत कोरड्या दिवसांतही दाट हिरवं दिसलं तर शंका घ्या.

संघाने सर्व टाक्यांचा उपसा एकाच आठवड्यात ठरवावा. टँकर एकदाच येतो, दर उतरतो आणि कुणा एकावर बोट राहत नाही.

प्रश्न : पाणवनस्पती कापायचं यंत्र भाड्याने आणलं. दोन महिन्यांत पूर्वीपेक्षा जास्त जागा व्यापली. यंत्र खराब होतं का?

उत्तर : यंत्राने त्याचं काम चोख केलं असणार. तुमच्याकडची वनस्पती बहुधा हायड्रिलासारखी, बुडालेल्या देठांची आहे. तिच्या देठाचा एक पेराचा तुकडाही नवं झाड उभं करतो; यंत्र असे हजारो तुकडे तळ्याभर पसरवतं. त्यात गाळात तिचे छोटे कंद असतात, ते वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून आधी ओळख पटवा. एक पूर्ण फांदी ओल्या कागदात गुंडाळून वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडे न्या.

धक्क्याभोवतीच्या छोट्या जागेला तळावर अंथरायची जाड जाळी पुरते. ती दगडांनी दाबा आणि खालचा वायू निघेल अशी असू द्या, नाहीतर फुगून वर येते. मोठ्या जागेला परवानाधारक माणसाकडून तणनाशक मारून घ्यायचं तर एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग घेऊ नका. सगळं एकदम कुजलं की ऑक्सिजन संपतो.

जलपर्णीचं गणित वेगळं. ती तरंगते, उबदार पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, आणि तिचं बी गाळात वीस वर्षंही जिवंत राहू शकतं. ती फुलायच्या आत काढा. वाऱ्याच्या दिशेला तरंगता दोर ताणून गोळा करा आणि काठापासून लांब नेऊन टाका. काठावरच ढीग लावला तर तिच्यातलं खत पहिल्या पावसात परत तळ्यात जातं. एक माणूस पुढे वर्षभर दर आठवड्याला फेरी मारेल अशी व्यवस्था हवी. सुटलेली दहा रोपं पुरतात.

प्रश्न : बदकांना पाव घालावा का?

उत्तर : नाही. पक्षी एकाच जागी जमतात, विष्ठा तिथेच पडते, आणि फॉस्फरस पुन्हा पाण्यात.

प्रश्न : तळ्याच्या मातीच्या बांधावर मोठी झाडं वाढली आहेत. काही सभासद म्हणतात, मुळांनी बांध धरून ठेवला आहे. खरं आहे का?

उत्तर : काठावर खरं, बांधावर उलटं. काठावर 10 मीटर रुंदीचा स्थानिक झाडाझुडपांचा पट्टा असावा असं आम्ही आग्रहाने सांगतो. तो लाटा सोसतो आणि अंगणातलं खत अडवतो. बांधाच्या एका बाजूला मात्र पाण्याचा दाब कायम असतो. झाड मेलं की मुळं कुजतात, मातीत पोकळ नळ्या राहतात आणि पाणी त्यातून वाट काढतं. वादळात झाड उन्मळलं तर बुंध्यासह बांधाचा लचका निघतो. शिवाय झाडीमुळे उंदीर-घुशींची बिळं दिसत नाहीत.

पण उद्याच कुऱ्हाड लावू नका. मोठ्या झाडाची मुळं उपटल्याने भरलेल्या बांधाला भगदाड पडू शकतं. धरणकामाच्या अभियंत्याला दाखवा. पाणी उतरवून मुळं काढायची की बुंधा कापून नजर ठेवायची, हे तो ठरवेल. मनगटाएवढ्याच्या आतली रोपं दर वर्षी काढत जा आणि बांधावर फक्त आखूड गवत ठेवा.

महिन्यातून एकदा बांधाच्या पायथ्याशी चाला. ओल दिसली तर काचेच्या पेल्यात ते पाणी धरा. स्वच्छ असेल आणि प्रवाह वाढत नसेल तर तारीख घालून नोंद करा. गढूळ असेल तर बांधाची माती आतून वाहून जाते आहे. अभियंत्याला त्याच दिवशी बोलवा आणि बांधाखालच्या वस्तीला कळवा.

प्रश्न : पाण्यालगतचे मालक वर्गणी देतात. मागच्या रांगेतले म्हणतात, आमचा काठ नाही. वर्गणी कशी ठरवावी?

उत्तर : त्यांना धक्का, पोहण्याची जागा, होडी वापरायचा हक्क आहे का, हे आधी खरेदीखतात बघा. हक्क असेल तर वर्गणीतला वाटाही असावा. व्यवहारात टिकते ती दोन भागांची रचना : एक भाग प्रत्येक प्लॉटला सारखा, दुसरा पाण्याला लागून असलेल्या लांबीवर, आणि त्या लांबीला कमाल मर्यादा. मत मात्र एका प्लॉटला एकच ठेवा, नाहीतर लांब काठवाले चार जण सगळं ठरवतात.

बांध आणि सांडव्याचा दुरुस्ती निधी चालू खर्चापासून वेगळ्या खात्यात ठेवा. त्यातून पैसे काढायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल, असं उपविधीतच लिहा. दोन सह्या, आणि हिशेब तपासणारा खजिनदाराच्या घरचा नको. बरेच मालक बाहेरगावी राहत असतील तर प्रतिनिधीपत्राची तरतूद करा, पण एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त प्रतिनिधीपत्रं नकोत. वर्गणीच्या पत्रासोबत त्या वर्षीचे सेकीचे आकडे एका पानावर छापून पाठवा. थकबाकीदारांकडे जाताना तेच पान हातात असू द्या.