डच लोकांत इतके चर्च-पंथ कसे?

प्रश्न: नेदरलँड्समध्ये छोट्याशा गावातही दोन-तीन प्रोटेस्टंट चर्च असतात, सगळे कॅल्व्हिनलाच (सोळाव्या शतकातला धर्मसुधारक) मानतात ना, मग वेगळे कशाला?

उत्तर: कारण तिथे लोक श्रद्धेचा मुद्दा फार मनावर घेतात, नाही पटलं की वेगळे होतात. १८३४ ला उलरुम गावचे पाद्री हेन्ड्रिक द कॉक देशातल्या मुख्य प्रोटेस्टंट चर्चपासून वेगळे झाले, १८८६ ला अब्राहम कायपर (पुढे पंतप्रधान झाले तेच) त्याच चर्चमधून आपला गट घेऊन निघाले, १८९२ ला यातले बरेचसे एकत्र आले आणि १९४४ ला, देशावर जर्मनांचा ताबा असताना, बाप्तिस्म्याच्या अर्थावरून परत फूट! मला तर हे थक्क करणारं वाटतं. २००४ ला दोन मोठे रिफॉर्म्ड (म्हणजे कॅल्व्हिनपंथी) चर्च आणि लुथरन (मार्टिन ल्यूथरला मानणारं) चर्च एक झाले, तरी काही जण बाहेरच राहिले. दक्षिणेतले ब्राबांट-लिम्बुर्ख हे प्रांत मात्र परंपरेने कॅथलिक.