पाचदा संपून परत उभी राहिली, मग आता काळजी कशाला?

प्रश्न: ताई, गणपतीच्या सुट्टीत पोरांना घेऊन पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गेलो होतो. गाडी जरा आत फुलांपर्यंत घातली तर एकजण लईच ओरडायला लागला, म्हणे झाडं चिरडतील. मी असं वाचलंय की पृथ्वीवरची जीवसृष्टी पाच वेळा जवळपास संपली आणि परत उभी राहिली. मग चार फुलं गेली तर काय होतंय, निसर्ग भरून काढतोच की? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: दादा, पाच वेळा मोठा नाश झाला हे तुम्ही बरोबर वाचलंय. पण भरून निघायला किती वेळ लागला आणि भरून काय निघालं ते पण बघा ना.

सगळ्यात वाईट वेळ होती 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी, पर्मियन काळ संपताना. सायबेरियात लाव्हा फुटला आणि तो कोळशाच्या थरांतून वर आला, त्यामुळे हवेत कार्बन डायऑक्साईड भरमसाठ वाढला, समुद्र तापले, पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला आणि समुद्रातल्या दहापैकी आठ-नऊ प्रजाती गेल्या. ट्रायलोबाईट नावाचे कवचवाले प्राणी तोवर जवळपास 27 कोटी वर्षं टिकून होते, आधीच्या संकटांतून कमी होत होत का होईना पण तगले होते, ते इथं संपले ते कायमचेच. जुने प्रवाळही गेले. आजचे प्रवाळ वेगळ्याच घराण्यातले आहेत आणि त्यांचे मोठे खडक समुद्रात उभे राहायला साधारण 1 कोटी वर्षं लागली. आपली माणसाची जात आहे तीच मुळात 3 लाख वर्षांची! त्यामुळे निसर्ग भरून काढतो हे खरं असलं तरी ते तुमच्या पोरांसाठी नाही, त्यांच्या पतवंडांसाठी पण नाही, आणि जे गेलं तेच परत येतं असंही नाही.

आता तुम्ही ज्या पठारावर उभे होता त्याचंच बघा. खाली सगळा काळा कातळ आहे, तो दख्खनच्या लाव्हाचा, डायनासोर संपले त्या 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आगेमागे साचलेला. भूवैज्ञानिकांनी या लाव्हाच्या थरांना नावं दिलीत, त्यातल्या वरच्या म्हणजे उशिराच्या एका थराचं नाव चक्क पन्हाळा आहे, मला याचं फार अप्रूप वाटतं. त्या कातळावर लाखो वर्षं ऊन-पाऊस खाऊन जांभा तयार झाला. वर माती जेमतेम बोटभर, पावसात नुसतं पाणी, उन्हाळ्यात तवा. असल्या जागी साधं झाड टिकत नाही, म्हणून इथं वेगळीच मंडळी घडत गेली. मातीत नायट्रोजन फारच कमी म्हणून दवबिंदू नावाचं रोपटं चिकट पानांवर किडे पकडतं, सीतेची आसवं ही फुलवनस्पती जमिनीखाली बारीक पिशव्या ठेवून पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेते. शेजारच्या दाट जंगलात त्यांना सावलीतच मरावं लागेल, त्यामुळे सडा, म्हणजे असलं कातळाचं पठार, गेला की त्यांना जायला जागा नाही. आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात अजून नवीन प्रजाती सापडतायत हो, शाहूवाडीतल्या आंबा गावची एक छोटी पाल शास्त्रज्ञांनी 2019 साली नोंदवली, निमॅस्पिस आंबा नावानं. म्हणजे कोण कोण राहतंय याची यादीच पूर्ण झाली नाही आणि आपण बॉक्साईटसाठी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या दगडासाठी, सडे खोदतोय, वर गाड्या फिरवतोय.

नाश व्हायला मात्र कोटी वर्षं लागत नाहीत. गिधाडं बघा. जनावरांना डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध दिलं जायचं, ते जनावर मेलं की गिधाडं खायची आणि त्यांची किडनी निकामी व्हायची. भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 1990 च्या दशकापासून पंधराएक वर्षांत 99 टक्क्यांहून जास्त कमी झाली, 2006 ला जनावरांसाठी ते औषध बंद झालं तोवर उशीर झाला होता. त्यांची जागा भरली म्हणायची तर भटक्या कुत्र्यांनी, आणि त्यासोबत रेबीजचा धोका आला. हल्ली प्रजाती नाहीशा होण्याचा वेग नेहमीच्या शंभर ते हजारपट आहे असा अंदाज आहे, आणि यावेळी ना उल्का पडलीय ना लाव्हा फुटलाय, आपणच आहोत.

म्हणून ओरडणारा माणूस बरोबर होता. गाडी रस्त्यावर लावा, पायवाट सोडू नका. आणि पोरांना गुडघ्यावर बसवून दवबिंदू दाखवा, किडा अडकलेला दिसला तर ती स्वतःच हलायची नाहीत तिथून.

प्रश्न: मी नववीत आहे. आमच्या डोंगरात डायनासोरची हाडं सापडतील का? – गडहिंग्लज

उत्तर: तुझ्या डोंगरात अवघड आहे बाळा, कारण तो लाव्हा आहे आणि तापलेल्या लाव्हात हाडं टिकत नाहीत. पण महाराष्ट्रात सापडलीत, चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला, तिथला थर लाव्हाच्या खालचा. तिथं दगड झालेली शेणं पण मिळाली आणि 2005 साली त्यात चक्क गवताचे अंश सापडले, तोवर सगळ्यांना वाटायचं की डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच. बाकी डायनासोर सगळे मेले असं म्हणू नकोस, तुझ्या दारातली कोंबडी त्यांच्याच वंशातली आहे. सुट्टीत जमलं तर आईबाबांना सांगून गुजरातला बालासिनोरजवळ रयोलीला जा, तिथं अंडी आणि हाडं दोन्ही मिळालीत आणि 2019 पासून म्युझियम पण आहे.