बाळंत होऊन सहावा आठवडा लागला तरी तुझं रडू थांबत नाही?

अगं, पहिल्या दहा-बारा दिवसांतलं रडू बहुतेकींना येतं नि आपसूक ओसरतं. तुझं सहाव्या आठवड्यातही चालूच आहे, बाळ झोपलं तरी तुझा डोळा लागत नाही. हे बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. तू वाईट आई नाहीस.

आपल्या गोव्यातच झालेल्या, 2002 साली छापून आलेल्या अभ्यासात सहा-आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी 23 टक्के जणींना हे आढळलं होतं. पुढच्या वर्षीच्या शोधनिबंधात अशा आयांची बाळं सहाव्या महिन्यात वजन-उंचीत नि मानसिक वाढीत मागे पडलेली जास्त दिसली. घाबरू नकोस, पण उशीर करू नकोस.

सध्या एवढंच कर:

- बाळाला लसीला नेशील तेव्हा डॉक्टरांना स्वतःचंही सांग.
- रात्री सलग चार तास झोप. तेवढा वेळ बाळ नवऱ्याकडे.
- बाळाशी बोल. अंगाई यायलाच हवी असं नाही. मी लेकीला नुसतं "आता पेज ढवळते हां, आता गॅस बंद" असं सांगायचे. ती माझ्या ओठांकडे टक लावून बघायची.

माझी चूक? दृष्ट लागली म्हणत मीठ-मिरच्या ओवाळण्यात तीन महिने घालवले. (ओवाळा खुशाल, पण डॉक्टर टाळू नका.) अंगावर पाजतेय म्हणून गोळ्या नकोतच, हाही गैरसमज, चालणारी औषधं असतात, डॉक्टरांना विचार.

स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटली, तर त्याच क्षणी घरच्यांना उठव आणि थेट बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल (गोवा मेडिकल कॉलेज) गाठ. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट.