क्वीनचे चार गीतकार: गळा एक, लेखण्या चार

प्रश्न असा आहे की, क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची जवळजवळ सगळी प्रसिद्ध गाणी त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी यानेच रचली असावीत असे ऐकताना वाटते. तसे असेल, तर गिटारवादक ब्रायन मे, ड्रमवादक रॉजर टेलर आणि बेस गिटार वाजवणारा जॉन डीकन यांचे गीतकार म्हणून योगदान नेमके किती, आणि सर्वांत कमी गाणी रचणाऱ्या डीकनला बाकीच्यांच्या पंक्तीत बसवावे का? ही गाणी मी अनेक वर्षे श्रेयनामावली समोर ठेवून ऐकत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गीतकार हा शब्द येथे शब्द आणि चाल दोन्ही रचणाऱ्याला उद्देशून वापरला आहे, कारण रॉक बँडमध्ये ही दोन कामे सहसा एकाच माणसाची असतात.

मर्क्युरीनेच सर्व लिहिले असा समज होण्याचे कारण त्याचा आवाज आहे. इतका ठसठशीत गळा ज्या गाण्याला लाभतो, ते गाणे त्याच गळ्याच्या मालकाचे वाटू लागते. कागदावरचे चित्र मात्र निराळे आहे. 1981 मध्ये निघालेल्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या संग्रहाच्या ब्रिटिश आवृत्तीत 17 गाणी आहेत; त्यांपैकी 10 मर्क्युरीची, 5 मेची, 2 डीकनची आणि टेलरचे एकही नाही. येथवर समज खरा ठरतो. परंतु 1991 च्या दुसऱ्या संग्रहात, ज्यात पुन्हा 17 गाणी आहेत, केवळ मर्क्युरीच्या नावावर असलेले गाणे एकच उरते, ‘इट्स अ हार्ड लाइफ’. टेलरची 2, मेची 2, डीकनचे 1, मर्क्युरी आणि डीकन यांचे मिळून 1, आणि उरलेली 10 गाणी सबंध बँडच्या नावावर, त्यांतले एक डेव्हिड बोवी या गायकासह. म्हणजे सत्तरच्या दशकातले क्वीन प्रामुख्याने मर्क्युरी आणि मे यांनी उभे केले असले, तरी ऐंशीच्या दशकात या बँडला लोकांच्या ओठांवर ठेवण्याचे काम मोठ्या प्रमाणात बेस वाजवणाऱ्या डीकनने आणि ड्रम वाजवणाऱ्या टेलरने केले. माझ्या उत्तराचा गाभा हाच आहे.

तरीही संख्या मोजून तुलना फारशी पुढे जात नाही. प्रत्येकाने कोणत्या वाद्यावर गाणे रचले हे पाहिले की फरक अधिक स्पष्ट होतो. मर्क्युरी पियानोवर रचत असे. पाचगणीच्या शाळेत शिकलेला पियानो त्याला आयुष्यभर पुरला. पियानोवर बसलेल्या माणसाला काळ्या पट्ट्यांचे स्वर सहज हाताशी येतात, आणि म्हणून त्याची गाणी गिटारवादकाला अवघड जाणाऱ्या स्केलमध्ये सापडतात: ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ बी-फ्लॅटमध्ये सुरू होते, ‘समबडी टू लव्ह’ ए-फ्लॅटमध्ये आहे. त्याची खरी ताकद रचनेच्या धाडसात होती. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ला पुन्हा पुन्हा येणारे ध्रुवपद नाही; पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांत संथ गीत, ऑपेरा, कडक रॉक आणि पुन्हा शांतता असा प्रवास होतो, आणि तरीही ऐकणारा वाट चुकत नाही. 1974 च्या ‘क्वीन टू’ या अल्बमची दुसरी बाजू एकट्या मर्क्युरीची आहे, आणि ज्यांना त्याची कल्पनाशक्ती मुळापासून ऐकायची आहे त्यांनी ती बाजू सलग ऐकावी. वाद्य बदलले की हाच माणूस कसा बदलतो हेही पाहण्यासारखे आहे. ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ त्याने म्युनिकमधील हॉटेलात गिटारवर काही मिनिटांत रचले. गिटारवरचे थोडेच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वरसमूह, त्याला येत होते, आणि गाणे साधे, आटोपशीर झाले ते त्या मर्यादेमुळेच. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले क्वीनचे ते पहिले गाणे ठरले.

मेची गाणी गिटारच्या रिफमधून, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या स्वरतुकड्यातून, जन्माला येतात, आणि बँडचे जड, दणकट रूप बव्हंशी त्याच्यामुळे आहे. परंतु त्याला केवळ दणकट म्हणणे अन्यायाचे होईल. ‘थर्टीनाइन’ या गाण्यात अंतराळप्रवासाला गेलेले लोक आपल्या हिशेबाने एका वर्षाने परततात आणि पृथ्वीवर पिढ्या उलटलेल्या असतात. सापेक्षतेचा हा परिणाम त्याने लोकगीताच्या चालीत बसवला आणि स्वतः गायला. 2007 मध्ये खगोलभौतिकीत डॉक्टरेट पूर्ण करणाऱ्या माणसाला हा विषय सुचणे स्वाभाविक होते, तो विरहगीत म्हणून सुचणे मात्र प्रतिभेचे काम आहे. ‘वी विल रॉक यू’मध्ये तर त्याने गिटार जवळजवळ शेवटपर्यंत बाजूला ठेवली. 1977 मध्ये एका मैफलीनंतर प्रेक्षक एकत्र गाऊ लागले, तेव्हा त्याच्या मनात आले की दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांना पाय आपटणे, टाळ्या वाजवणे आणि गाणे एवढेच करता येते. गाणे तेवढ्यावरच उभे राहिले. त्यात ड्रम नाहीत आणि बेसही नाही. पावलांचे आणि टाळ्यांचे ध्वनी थोड्या थोड्या विलंबाने एकावर एक चढवून प्रचंड जमावाचा भास निर्माण केला आहे. त्यालाच जोडून वाजवले जाणारे ‘वी आर द चॅम्पियन्स’ मर्क्युरीचे आहे, आणि ही दोन गाणी लागोपाठ ऐकली की फरक कानाला पटतो: मे जमावाला सरळ आज्ञा देतो, तर मर्क्युरी पियानोवर खालच्या स्वरात सुरुवात करून त्याच जमावाला हळूहळू वर उचलतो.

आता डीकन, कारण प्रश्नातील खरी शंका त्याच्याविषयी आहे. तो 1971 मध्ये बँडमध्ये आला. पहिल्या दोन अल्बमांवर त्याचे एकही गाणे नाही आणि तिसऱ्यावर एक छोटेसे ‘मिसफायर’ आहे. चौथ्या अल्बमसाठी, म्हणजे 1975 मध्ये, त्याने पत्नीसाठी ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’ रचले. त्यातला विजेवर चालणारा पियानो मर्क्युरीला पसंत नव्हता, म्हणून डीकनने ते वाद्य स्वतः शिकून वाजवले. हा प्रसंग मला त्याच्या साऱ्या कारकिर्दीची किल्ली वाटतो. तो बँडच्या ध्वनिमुद्रणांत गात नसे. त्यामुळे त्याची प्रत्येक चाल दुसऱ्याच्या गळ्यासाठी रचलेली आहे, आणि तिच्यात स्वतःचा आवाज मिरवण्याचा मोह कोठेही आढळत नाही. 1980 च्या ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’मध्ये त्याने बेसखेरीज इतर बरीच वाद्येही स्वतः वाजवली. अमेरिकी डिस्को आणि फंक संगीतावरचे त्याचे प्रेम त्या बेसच्या चार-पाच स्वरांत एकवटले आहे. ड्रमचा कोरडा, घुमारा नसलेला ठोका टेलरला सुरुवातीला रुचला नव्हता, आणि गाणे स्वतंत्रपणे प्रसिद्ध करावे असा आग्रह मायकेल जॅक्सनने धरला. अमेरिकेत ते तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. मर्क्युरीच्या स्वरसंभाराची आणि मेच्या गिटारच्या थरांची सवय असलेल्या बँडला रिकामी जागा सोडण्याचे मोल डीकनने शिकवले, असे माझे ठाम मत आहे. त्याच ओढीने 1982 च्या ‘हॉट स्पेस’ला जन्म दिला आणि तो अल्बम अनेक जुन्या चाहत्यांना रुचला नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. तरीही दोनच वर्षांनी त्याने ‘आय वाँट टु ब्रेक फ्री’ दिले, ज्यातला गिटारसारखा वाटणारा एकल भाग प्रत्यक्षात फ्रेड मँडेल या पाहुण्या वादकाने सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवला आहे. मेसारखा गिटारवादक बँडमध्ये असताना असे गाणे उभे राहावे, यावरून डीकनच्या शब्दाला किती वजन होते ते समजते. त्याला पंक्तीत बसवावे का, या शंकेचे उत्तर माझ्या मते येथेच मिळते.

टेलरची वाढ सर्वांत सावकाश झाली. सत्तरच्या दशकात तो बहुधा एका अल्बमला एक-दोन गाणी देई आणि ती स्वतःच गाई. त्यांत जोम होता, पण ती टेलरची गाणी म्हणूनच ओळखली जात, क्वीनची म्हणून नव्हे. सिंथेसायझर हाती आल्यावर तो बदलला. ‘रेडिओ गा गा’ची कल्पना त्याच्या लहान मुलाच्या बोबड्या बोलांतून आली, त्याने सांगाडा उभा केला, आणि तो सुट्टीवर असताना मर्क्युरीने त्याच्या बांधणीवर हात फिरवला. ‘अ काइंड ऑफ मॅजिक’च्या बाबतीतही असेच झाले: टेलरची मूळ, अधिक गंभीर रचना ‘हायलँडर’ या चित्रपटाच्या शेवटी ऐकू येते, आणि मर्क्युरीने तिच्यातून काढलेले खेळकर रूप जगाला ठाऊक झाले. दोन्ही ठिकाणी श्रेयात नाव एकट्या टेलरचे आहे.

येथे तुलना खरोखर अवघड होते. ज्याने मुख्यतः शब्द लिहिले त्याचे गाणे, असा या बँडचा साधारण संकेत होता, आणि त्यामुळे दुसऱ्याच्या गाण्यात केलेले काम श्रेयनामावलीत दिसतच नाही. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’तील ऑपेरात मे आणि टेलर यांचे आवाज मर्क्युरीच्या आवाजाइतकेच गुंफलेले आहेत आणि सर्वांत उंच स्वर टेलरचे आहेत; गिटारचा एकल भाग मेने स्वतंत्र चाल म्हणून रचला आहे. गाणे मर्क्युरीचेच आहे यात शंका नाही, पण इतर तिघांना वगळून ते कल्पिता येत नाही. उलट अर्थाने, डीकनची आणि टेलरची गाणी मर्क्युरीच्या गळ्यातून गेल्यावर किती बदलत असतील याचा हिशेब कोणत्याही कागदावर नाही.

हा संकेत पैशाच्या वाटणीतही बोचत होता. 1975 मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ प्रसिद्ध झाले तेव्हा तबकडीच्या मागच्या बाजूला टेलरचे ‘आय ॲम इन लव्ह विथ माय कार’ होते, आणि तबकडी पुढच्या बाजूसाठी विकली जात असूनही दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखीच रॉयल्टी मिळाली. यावरून बँडमध्ये बरीच कटुता आली. पुढे 1989 च्या ‘द मिरॅकल’पासून त्यांनी सर्व गाणी चौघांच्या नावावर करण्याचे ठरवले, आणि मर्क्युरी हयात असताना निघालेला शेवटचा अल्बम, 1991 चा ‘इन्युएंडो’, त्याच पद्धतीने आला. त्यातले ‘द शो मस्ट गो ऑन’ मुख्यतः मेचे आणि ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ मुख्यतः टेलरचे, पण तबकडीवर नाव फक्त क्वीनचे. नोव्हेंबर 1991 मध्ये मर्क्युरी गेला. पुढच्याच महिन्यात ब्रिटनमध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा प्रसिद्ध झाले आणि पहिल्या क्रमांकावर गेले. या वेळी त्याच्या जोडीला पुन्हा टेलरचेच गाणे होते, ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’, मात्र आता मागची बाजू म्हणून नव्हे, तर बरोबरीची बाजू म्हणून, चौघांच्या नावाने.